अ‍ॅकॉर्डियनसाठी वॉल्ट्झ बसवायचाय? आधी योग्य नोटेशन शोधा

पियानो अ‍ॅकॉर्डियनवर उजवा हात थोडा सरावला, डाव्या हाताला 'बेस-कॉर्ड-कॉर्ड' जमू लागलं, की पुढची ओढ बहुधा वॉल्ट्झचीच असते. तीन मात्रांचा हा नाच आणि हे वाद्य यांचं गूळपीठ जुनं आहे. १८२९ मध्ये सिरिल डेमियनने व्हिएन्नात 'अ‍ॅकॉर्डियन' या नावाने पेटंट घेतलं, तेव्हा तेच शहर योझेफ लानर आणि थोरला योहान स्ट्राउस यांच्या वाद्यवृंदांच्या तालावर नाचत होतं. आपल्या कानांत हा आवाज बसला तो हिंदी चित्रपटसंगीतामुळे. गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी तो घराघरांत पोहोचवला. त्यामुळे हार्मोनियमवरून अ‍ॅकॉर्डियनकडे वळणारे आपल्याकडे बरेच आहेत, आणि त्यांचं घोडं हमखास एका जागी अडतं: वॉल्ट्झचं नोटेशन आणायचं कुठून, आणि सापडलेल्या दहा प्रतींपैकी घ्यायची कुठली?

माझं ठाम मत आहे की योग्य प्रत हाती आली की निम्मी अरेंजमेंट झाल्यातच जमा. चुकीच्या प्रतीवर चांगला वादकही आठवडेच्या आठवडे झगडत बसतो. म्हणून या लेखात शोधण्यावर जास्त भर आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: धाकट्या योहान स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब'. तुम्हाला स्टाफ नोटेशन हळूहळू का होईना वाचता येतं, एवढं गृहीत धरलं आहे.

आधी रचनेची ओळख पक्की करा

शोधपेटीत नाव टाकण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहा: संगीतकाराचं पूर्ण नाव, रचनेचं मूळ भाषेतलं नाव, ओपस क्रमांक (संगीतकाराच्या रचनांना दिलेला अनुक्रमांक) आणि मूळ पट्टी (डी मेजर, ए मायनर वगैरे). हा उपद्व्याप वाटेल, पण वॉल्ट्झच्या बाबतीत नावांचा घोळ इतका आहे की याला पर्याय नाही.

डॅन्यूब नदीवरचेच दोन प्रसिद्ध वॉल्ट्झ आहेत. स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब' हा ओपस ३१४. तो १५ फेब्रुवारी १८६७ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाला, तोही पुरुषांच्या गायकवृंदासह. 'डॅन्यूबच्या लाटा' हा दुसरा वॉल्ट्झ रुमानियाच्या योसिफ इवानोविचीचा, १८८० सालचा. पहिला मेजरमध्ये खुलतो, दुसऱ्याची ओळखीची चाल मायनरमधली, हुरहूर लावणारी. नुसतं 'डॅन्यूब वॉल्ट्झ' असं शोधलंत तर दोन्ही समोर येतात. 'लाटांवरून' या नावाने जगभर वाजणारा वॉल्ट्झ तर कितीतरी ठिकाणी स्ट्राउसच्या नावावर खपवलेला दिसतो. प्रत्यक्षात तो मेक्सिकोच्या हुवेंतिनो रोसासचा आहे. रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा लोकप्रिय 'वॉल्ट्झ क्रमांक २' वर्षानुवर्षं 'जॅझ सूट क्रमांक २'मधला म्हणून सांगितला गेला, पण तो त्याच्या व्हरायटी ऑर्केस्ट्रासाठीच्या सूटमधला आहे.

त्यात स्ट्राउस घराण्याची भर. थोरला योहान, धाकटा योहान, योझेफ आणि एदुआर्द हे सगळे वॉल्ट्झ लिहीत. रिखार्ड स्ट्राउसचा मात्र या घराण्याशी काही संबंध नाही. नोटेशनच्या संग्रहांत धाकट्या योहानच्या नावापुढे 'ज्युनिअर' असं लिहिलेलं असतं, ते पाहूनच आत शिरा.

पोलिश संगीतकार शोपँकडे वळणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याच्या हयातीत छापले गेलेले वॉल्ट्झ (ओपस १८, ३४, ४२ आणि ६४) आणि त्याच्या मृत्यूनंतर मित्र फोंतानाने १८५५ मध्ये छापलेले (ओपस ६९ आणि ७०) यांत फरक आहे. ओपस ६९ मधला पहिला वॉल्ट्झ शोपँने वेगवेगळ्या लोकांना स्वतःच्या हाताने लिहून दिला होता, आणि त्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. दोन पुस्तकांत वेगळे स्वर दिसले तर ती छपाईची चूकच असेल असं धरून बसू नका.

हक्कांचं गणित

हे थोडक्यात आटोपतं, पण वगळून चालणार नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. धाकटा स्ट्राउस १८९९ मध्ये गेला, इवानोविची १९०२ मध्ये, फ्रान्सचा वॉल्ट्झकार वाल्डटॉयफेल १९१५ मध्ये. या तिघांच्या रचना तुम्ही खुशाल अरेंज करा. शोस्ताकोविच १९७५ मध्ये गेला, म्हणजे भारतात २०३५ संपेपर्यंत त्याच्या रचनांवर हक्क आहे, आणि आपल्या कायद्यात अरेंजमेंट करणं हेही त्या हक्कातच मोडतं. त्याचा वॉल्ट्झ हवा असेल तर अ‍ॅकॉर्डियनसाठीची अधिकृत अरेंजमेंट विकत घ्या. युरोपीय संघात ही मुदत ७० वर्षांची आहे, तेव्हा तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी तिथलाच हिशेब धरावा.

रचना मुक्त झाली म्हणजे तिची प्रत्येक छापील आवृत्ती मुक्त झाली असं नाही. हल्लीच्या संपादकाने घातलेली भर किंवा एखाद्याने अलीकडे केलेली सोपी अरेंजमेंट यांवर त्यांचा हक्क असतो. म्हणून शक्यतो एकोणिसाव्या शतकातली छपाई शोधा. सुदैवाने आपल्या कामाला तीच जास्त उपयोगी पडते.

कुठे शोधायचं

पहिला मुक्काम आयएमएसएलपी. पेत्रुची म्युझिक लायब्ररी या नावानेही ही ऑनलाइन लायब्ररी ओळखली जाते. कॅनडात शिकणाऱ्या एडवर्ड ग्वोने ती २००६ मध्ये सुरू केली. २००७ मध्ये एका प्रकाशकाच्या कायदेशीर नोटिशीनंतर ती बंद पडली आणि २००८ मध्ये पुन्हा उभी राहिली. आज मुक्त झालेल्या पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी याहून मोठा साठा मला माहीत नाही.

इथे रचना बहुतेकदा मूळ भाषेतल्या नावाने नोंदलेल्या असतात. 'ब्लू डॅन्यूब'चं पान जर्मन नावाने आहे: 'आन डेअर श्योनेन ब्लाउएन डोनाउ'. जर्मन स्पेलिंगशी झटापट करायची नसेल तर संगीतकाराच्या पानावर जा आणि ओपस ३१४ शोधा. नवख्या माणसाला हा रस्ता सर्वांत सोपा.

पान उघडलं की फायलींची रांग दिसते आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पहिली फाइल 'फुल स्कोअर' दिसली की ती उतरवून घेतात. फुल स्कोअर म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदाची प्रत: बासरी, क्लॅरिनेट, हॉर्न, व्हायोलिन, चेलो, सगळं एकाखाली एक. त्यातली क्लॅरिनेट आणि हॉर्नसारखी काही वाद्यं लिहिली जातात एका पट्टीत आणि ऐकू येतात दुसऱ्या पट्टीत. अशा प्रतीतून अ‍ॅकॉर्डियनसाठी चाल आणि कॉर्ड वेचणं हे सरावलेल्या अरेंजरचं काम आहे, तुम्ही एवढ्यात त्यात हात घालू नका. 'पार्ट्स' म्हणजे एकेका वाद्याच्या सुट्या प्रती. त्यात डाव्या हाताला काहीच मिळत नाही.

तुम्हाला हवा तो विभाग 'अरेंजमेंट्स अँड ट्रान्सक्रिप्शन्स'. त्यात 'पियानो सोलो' शोधा. स्ट्राउसच्या काळात वॉल्ट्झ गाजला की त्याची पियानोची प्रत लगोलग छापली जाई, कारण लोक घरी तोच वाजवत. अशा प्रतीत वरच्या ओळीवर चाल असते आणि खालच्या ओळीवर एक खोल स्वर आणि दोन कॉर्ड. हा जवळजवळ अ‍ॅकॉर्डियनचाच आराखडा झाला.

'पियानो चार हात' अशी प्रत दिसली तर ती एकाच पियानोवर दोघांनी वाजवायची असते. चाल एका पानावर आणि बेस समोरच्या पानावर, म्हणून एकट्या वादकाला ती गैरसोयीची. तरी एखाद्या वेळी तिच्यात डोकावणं फायद्याचं ठरतं. जर्मन संगीतकार ब्राम्सच्या ओपस ३९ मधला सुप्रसिद्ध पंधरावा वॉल्ट्झ मूळच्या चार हातांच्या प्रतीत ए मेजरमध्ये आहे आणि एका वादकासाठीच्या प्रतीत ए फ्लॅट मेजरमध्ये. अ‍ॅकॉर्डियनवर ए म्हणजे डाव्या हाताच्या बटणांत सी पासून हनुवटीकडे तिसरी रांग, तर ए फ्लॅट म्हणजे उलट दिशेला चौथी. लहान वाद्यावर ती रांग नसण्याचीही शक्यता असते. अशा वेळी ब्राम्सचीच दुसरी पट्टी हाताशी असणं ही मोठी सोय आहे.

आयएमएसएलपीवर वाद्यानुसार यादी पाहता येते आणि तिच्यात अ‍ॅकॉर्डियनच्या अरेंजमेंटचाही वर्ग आहे. तिथेही एकदा नजर टाका.

मुटोपिया या प्रकल्पावर स्वयंसेवकांनी संगणकावर नव्याने अक्षरजुळणी केलेल्या मुक्त प्रती मिळतात. संख्या कमी, पण छपाई स्वच्छ. म्युझस्कोअरच्या संकेतस्थळावर अ‍ॅकॉर्डियनच्या भरपूर अरेंजमेंट आहेत, पण त्या तुमच्या-माझ्यासारख्यांनीच चढवलेल्या. काही फार सुंदर, काही कानाने अंदाज घेत लिहिलेल्या. कल्पना घेण्यासाठी त्या जरूर पाहा, मात्र मूळ पियानो प्रत शेजारी उघडी ठेवून.

छापील पुस्तक हवं असेल तर मुंबईत धोबी तलावला फुर्ताडोचं दुकान आहे. १८६५ पासूनची ही पेढी पाश्चात्त्य वाद्यं आणि नोटेशनची पुस्तकं विकते, गोव्यातही त्यांची दुकानं आहेत. तिथे 'अ‍ॅकॉर्डियनचं पुस्तक' एवढंच मागू नका, सोप्या पियानोच्या वॉल्ट्झ-संग्रहांबद्दलही विचारा. पियानोची पुस्तकं अ‍ॅकॉर्डियनच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त येतात. मुंबईतल्या आणि गोव्यातल्या पियानो असलेल्या जुन्या घरांत वॉल्ट्झचे बांधीव अल्बम जपलेले असतात. ओळख असेल तर विचारायला संकोच करू नका.

प्रत पारखून घ्या

फाइल उतरवली की लगेच वाद्य काढू नका. आधी पानं मोजा. स्कॅनमध्ये एखादं पान गळलेलं किंवा उलटसुलट लागलेलं असू शकतं. मग रचनेचे भाग ताडून पाहा. 'ब्लू डॅन्यूब'मध्ये ए मेजरमधली प्रस्तावना, नंतर पाच छोटे वॉल्ट्झ आणि शेवटी कोडा (समारोप) असतो. पाचांच्या पट्ट्या ओळीने डी, डी, जी, एफ आणि ए. तुमच्या प्रतीत पहिला वॉल्ट्झ सी मेजरमध्ये असेल, प्रस्तावना गायब असेल, तर ती कुणीतरी सोपी केलेली प्रत आहे. सोपी असणं वाईट नाही, पण सोपी करताना कॉर्ड बदललेले असू शकतात.

पुनरावृत्तीच्या खुणा नीट पाहा. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक भाग बहुधा दोनदा वाजतो आणि दुसऱ्या खेपेचा शेवट वेगळा असतो. हा वेगळा शेवट पुसट स्कॅनमध्ये हरवतो. सुरुवातीचा अपुरा बारही मोजणीत गोंधळ घालतो. 'ब्लू डॅन्यूब'ची चाल तिसऱ्या मात्रेवर उचलते, हे लक्षात न घेतल्यास डावा हात सगळीकडे एक मात्रा पुढे पळतो.

यानंतर चांगल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लावा आणि बोट ठेवून प्रत वाचत जा. व्हिएन्ना फिलहार्मोनिक दर १ जानेवारीच्या मैफिलीत हा वॉल्ट्झ वाजवते. ऐकताना जाणवेल की साथीची दुसरी मात्रा किंचित आधी येते. ही व्हिएन्नाची लकब कुठल्याच नोटेशनमध्ये लिहिलेली नसते, ती कानानेच उचलावी लागते.

कागदावरून वाद्यावर

पूर्ण रचनेच्या मागे लागू नका. पहिला वॉल्ट्झ घ्या आणि तेवढाच बसवा.

प्रथम आवाका तपासा. पियानोला ८८ पट्ट्या (इथे दाबायच्या कळा) असतात, तुमच्या अ‍ॅकॉर्डियनला त्याच्या निम्म्याही नाहीत. १२० बेसच्या (डाव्या हाताला १२० बटणं असलेल्या) वाद्याला ४१ पट्ट्या असतात, ७२ बेसच्या वाद्याला साधारण ३४, आणि ४८ बेसच्या वाद्याला साधारण २६. या २६ पट्ट्या मधल्या सी च्या खालच्या बी पासून वरच्या दुसऱ्या सी पर्यंत जातात. आता पहिल्या वॉल्ट्झची चाल पाहा. मधल्या सी शेजारच्या डी वर सुरू केली तर खाली सी शार्पपर्यंत उतरते आणि चालीच्या प्रत्येक वाक्याला उत्तर म्हणून येणारे दोन-दोन स्वर वर दुसऱ्या डी पर्यंत चढतात. तो वरचा डी २६ पट्ट्यांत नाहीच. हीच चाल एक अख्खा स्वर खाली आणून सी मेजरमध्ये, म्हणजे हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी दोनवरून पांढरी एकवर घेतली, तर खालचा स्वर बी आणि वरचा सी होतो. चाल अगदी काठोकाठ बसते. मोठं वाद्य असेल तर मूळ डी मेजर सोडू नका. त्या पट्टीचा उजळपणा वेगळाच आहे.

मग कॉर्ड काढा. पियानो प्रतीच्या खालच्या ओळीतला प्रत्येक बार वाचा, सर्वांत खालचा स्वर लिहा, त्यावरच्या स्वरांचा कॉर्ड ओळखा आणि पेन्सिलीने बारच्या डोक्यावर नोंदवा. 'ब्लू डॅन्यूब'च्या पहिल्या १६ बारांत दोनच कॉर्ड लागतात: डी मेजर आणि ए सेव्हन्थ. सुरुवातीला डी, मग ए सेव्हन्थ असं डोळे झाकून लिहू नका; कॉर्ड नेमका कोणत्या बारला बदलतो ते प्रतीतच पाहा, कारण तो बदल उत्तराच्या दोन स्वरांशी बांधलेला आहे. पुढे ई मायनर येतो. डी, ए आणि ई या बेसच्या तीन शेजारशेजारच्या रांगा आहेत. एवढ्या प्रसिद्ध रचनेची ही सुरुवात तीन रांगांत मावते, म्हणूनच नवख्यांना मी हीच सुचवतो.

पियानोचा डावा हात एका बारला डी आणि पुढच्या बारला ए असा बेस बदलत असेल तर अ‍ॅकॉर्डियनवर तो ए हनुवटीच्या बाजूचं पुढचंच बटण आहे. डी मेजर कॉर्डच्या खाली एफ शार्प आला तर तो डी च्याच रांगेत काउंटर बेसवर (बेसच्या शेजारच्या बटणावर) मिळतो. प्रत्येक कॉर्डसाठी बटण नसतं, पण जोड्या करता येतात. ए मायनर सेव्हन्थ हवा असेल तर ए चा बेस आणि सी मेजरचं बटण. सी मेजर सेव्हन्थ हवा असेल तर सी चा बेस आणि ई मायनरचं बटण. शोपँकडे वळाल तेव्हा या जोड्या फार लागतील.

उजव्या हाताचं ओझं कमी करा. पियानो प्रतीत चाल पुष्कळदा अष्टकांत लिहिलेली असते, म्हणजे तोच स्वर वर आणि खाली एकदम. अ‍ॅकॉर्डियनवर हे काम रजिस्टर (आवाज बदलणारी कळ) करतं. खालच्या अष्टकाची रीड जोडणारं रजिस्टर दाबा आणि एकच स्वर वाजवा. पियानोच्या पेडलच्या खुणाही सोडून द्या. पियानोचा स्वर विरतो म्हणून पेडल लागतं, इथे भात्यात हवा आहे तोवर स्वर जिवंत राहतो. उलट उत्तराचे ते दोन छोटे स्वर मुद्दाम तोडून वाजवावे लागतात, नाहीतर ते चालीला चिकटतात आणि नाचाची उडी नाहीशी होते.

भात्याच्या खुणा अरेंजमेंटमध्येच लिहा. या चालीत चार-चार बारांची वाक्यं आहेत. भात्याची दिशा वाक्याच्या शेवटी, उत्तराचे स्वर संपल्यावर बदला. लांब स्वराच्या मध्यावर बदललात तर तो तिथेच तुटलेला ऐकू येतो.

लिहून काढण्यासाठी म्युझस्कोअर स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. वाद्यांच्या यादीत अ‍ॅकॉर्डियन मिळतं आणि पट्टी बदलायची असेल तर संपूर्ण रचना एका आज्ञेत सरकते. स्कॅनवरून स्वर आपोआप ओळखणारं ऑडिव्हेरिस हेही मोफत आहे, मात्र जुन्या पिवळ्या पानांवर ते बऱ्याच चुका करतं. एका वॉल्ट्झपुरतं हाताने टंकणं मला जास्त भरवशाचं वाटतं, शिवाय त्या निमित्ताने रचना आत मुरते. बेसची ओळ लिहिताना अमेरिकी अ‍ॅकॉर्डियन-पद्धत वापरा: बास क्लेफच्या मधल्या रेषेवर किंवा तिच्या खाली लिहिलेला स्वर म्हणजे बेसचं बटण, वर लिहिलेला म्हणजे कॉर्डचं, आणि मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड यांसाठी त्यावर एकेक खूण. ही पद्धत जाणणारा कुणीही तुमची प्रत थेट वाजवू शकेल.

पहिला वॉल्ट्झ हाताखाली आला की सरळ दुसऱ्याकडे न जाता जी मेजरमधला तिसरा घ्या. दुसऱ्याच्या मधल्या भागात रचना डी मधून एकदम बी फ्लॅटमध्ये जाते, म्हणजे डावा हात चार रांगा खाली उडी मारतो. ती उडी न पाहता मारता येईपर्यंत दुसरा वॉल्ट्झ बाजूला राहू द्या.